एएफपी ३.९ ते ११.८: यकृताच्या कर्करोगाची जोखीम रक्तातून वाचताना

रुग्ण पुरुष, वय ५३, वजन ९१ किलो, आठ वर्षांचा मधुमेह, दारू नाही. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूची खूण, असं पत्र आलं होतं. काही त्रास नव्हता, म्हणून ते पत्र चार वर्षं कपाटात पडून राहिलं. मग थकवा आणि डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसला, तेव्हा तपासणी झाली.

हा एका माणसाचा केसपेपर नाही. महाराष्ट्रातल्या यकृताच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे. रुग्णाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. सूत्रं, मर्यादा आणि चुकांची कारणं मात्र प्रत्यक्ष वापरातली आहेत.

पहिला एएफपी ६१ होता, आणि तो कर्करोगाचा नव्हता

पहिल्या तपासणीत एएलटी (यकृत सुजलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) १४८, हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए ४.२ लाख आययू/मिलि, एएफपी ६१ नॅनोग्रॅम/मिलि. घरच्यांनी इंटरनेटवर ‘एएफपी’ शोधलं आणि रडारड झाली.

एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. गर्भाचं यकृत ते भरपूर बनवतं, जन्मानंतर हे उत्पादन जवळपास बंद होतं. प्रौढ माणसात साधारण १० नॅनोग्रॅमच्या आतच राहतं. यकृताच्या पेशी कर्करोगात बदलल्या की त्यांतल्या काही हा जुना कारखाना पुन्हा सुरू करतात. १९६० च्या दशकात हे लक्षात आलं आणि तेव्हापासून ही चाचणी वापरात आहे. अडचण अशी की यकृत सुजलं आणि पेशी नव्याने वाढायला लागल्या तरी एएफपी चढतं. गरोदरपणात चढतं, वृषणाच्या आणि अंडाशयाच्या काही गाठींतही चढतं. म्हणून एएलटीकडे न बघता एएफपी वाचू नये. इथे एएलटी १४८ आणि विषाणू जोरात, म्हणजे ६१ ला पटण्याजोगं कारण होतं. तरीही मल्टिफेज सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेला) केला आणि गाठ नाही याची खात्री करून घेतली. कारण सापडलं म्हणून गाठ नाही, असं होत नाही.

विषाणू दाबणारं टेनोफोव्हिर सुरू झालं. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यातून हे औषध मोफत मिळतं. बाराव्या महिन्यात डीएनए सापडेनासा झाला, एएलटी ३१ वर आला, एएफपी ३.९.

हा ३.९ या माणसाच्या पुढच्या सगळ्या रिपोर्टांसाठी तळरेषा. विषाणू दबलेला असताना एएफपी चढण्याची निरुपद्रवी कारणं फार थोडी उरतात. त्यामुळे उपचारावर असलेल्या हिपॅटायटिस बी रुग्णात एएफपीची छोटी हालचालही बोलकी असते. उपचार न झालेल्या रुग्णात तेवढीच हालचाल गोंगाटात हरवून जाते.

जोखीम मोजायची कुणाची, कशासाठी

‘याला पुढे कर्करोग होण्याची शक्यता किती’ आणि ‘याला आत्ता कर्करोग आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजारातली जाहिरात दोन्ही एकाच पॅकेजमध्ये बांधते आणि घोळ तिथेच सुरू होतो. पहिल्या प्रश्नाला साध्या, स्वस्त तपासण्या पुरतात: वय, लिंग, प्लेटलेट, अल्ब्युमिन, बिलिरुबिन. त्यांतून एमॅप नावाचा स्कोअर निघतो.

बाराव्या महिन्यात वय ५४, बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.४, प्लेटलेट ९२ हजार, फायब्रोस्कॅन (यकृताच्या कडकपणाचं माप) १७.८ किलोपास्कल, प्लीहा मोठी; म्हणजे सिऱ्हॉसिस, वण पडून कडक झालेलं यकृत. एमॅपची रीत अशी: वयाला ०.०६ ने गुणा. पुरुष असेल तर ०.८९ मिळवा, बिलिरुबिन मायक्रोमोल/लिटरमध्ये घेऊन त्याच्या लॉगला (आधार १०) ०.६६ ने आणि अल्ब्युमिन ग्रॅम/लिटरमध्ये घेऊन उणे ०.०८५ ने गुणा, या दोहोंच्या बेरजेला ०.४८ ने गुणून मिळवा. प्लेटलेट हजारांत घेऊन ०.०१ ने गुणून वजा करा, शेवटी ७.४ मिळवून १४.७७ ने भागा आणि १०० ने गुणा. ५० च्या खाली कमी जोखीम, ५० ते ६० मध्यम, ६० च्या वर जास्त. या रुग्णाचा स्कोअर ६५.

आता चुका कुठे होतात ते. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत छापून येतात, अल्ब्युमिन ग्रॅम/डेसिलिटरमध्ये आणि बिलिरुबिन मिलिग्रॅममध्ये. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला यातलं काहीच माहीत नसतं. ३८ वर्षांची बाई, बिलिरुबिन ०.७, अल्ब्युमिन ४.२, प्लेटलेट २.५ लाख, तिचा खरा स्कोअर ३९, कमी जोखीम. प्लेटलेटच्या रकान्यात २५० ऐवजी २.५ टाकलं की तोच ५६ होतो आणि ती मध्यम गटात जाते. तिला विनाकारण वर्षानुवर्षं सोनोग्राफीच्या रांगेत बसवायला एवढी एक चूक पुरते.

दुसरी गोष्ट प्लेटलेटचीच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. प्लीहा मोठी नाही, अल्ब्युमिन चांगलं आणि प्लेटलेट मात्र ८० हजार, असं विसंगत चित्र दिसलं तर स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगावं, किंवा सायट्रेटच्या निळ्या नळीत पुन्हा मोजावं. इथे प्लीहा मोठी होती आणि स्मिअरवर गठ्ठे नव्हते, म्हणजे ९२ हजार खरे.

स्कोअर ६५ चा अर्थ कर्करोग आहे असा नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी चुकवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहा महिनेच का? यकृताच्या या कर्करोगाची गाठ दुप्पट व्हायला सरासरी ४ ते ६ महिने लागतात, म्हणून. विषाणू दबला तरी धोका शून्य होत नाही, कारण विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींच्या डीएनएत आधीच शिरलेला असतो आणि सिऱ्हॉसिसही जागेवरच असतो.

पाच आकडे, दोन लॅब, एक चुकलेलं एकक

फाइलमधला एएफपीचा क्रम असा होता:

बारावा महिना ३.९
अठरावा महिना ४.६
चोविसावा महिना ४.२
तिसावा महिना ७.९
छत्तिसावा महिना ११.८

चोविसाव्या महिन्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या दुसऱ्या लॅबची ऑफर होती. तिथला रिपोर्ट ४.२, म्हणजे घटल्यासारखा दिसला. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘आययू/मिलि’ लिहिलेलं होतं. एएफपीचा १ आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम. ४.२ ला १.२१ ने गुणलं तर ५.१ येतात. म्हणजे आकडा घटला नव्हता, हळू चढतच होता. त्यातही कंपनी बदलली की किट बदलतं आणि एकक सारखं केलं तरी दोन किटांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. ३.९ ते ५.१ या फरकावर कुणी काही करायला हवं होतं असं नाही; एकाच यंत्रावरही पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतातच. पण ४.२ च्या त्या खोट्या उतारामुळे तिसाव्या महिन्यातला ७.९ एकाकी वाटला आणि ‘२० च्या आत आहे, पुढच्या वेळी बघू’ असा शेरा पडला.

हा २० चा आकडा आला कुठून? सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत २० नॅनोग्रॅमची मर्यादा धरली तर एएफपी साधारण ६० टक्के कर्करोग पकडतं. मर्यादा खाली आणली तर जास्त सापडतात, पण खोटे इशारेही वाढतात. १००० सिऱ्हॉसिसचे रुग्ण घ्या, त्यांतल्या २० जणांना आत्ता गाठ आहे असं धरा. ६० टक्के पकडणारी आणि ९० टक्के निरोग्यांना निरोगी म्हणणारी चाचणी केली तर १२ सापडतील, ८ सुटतील आणि ९८ जणांना उगीच धक्का बसेल. पॉझिटिव्ह ११०, खरे १२. एका आकड्यावर एक मर्यादा लावली की असंच होणार. त्याच माणसाचे तीन-चार आकडे एका रेषेत ठेवले की चित्र पालटतं. ५.१, ७.९, ११.८, एएलटी ३० च्या आसपास स्थिर, डीएनए सापडत नाही, गोळी चुकलेली नाही. वर्षभरात दुपटीहून जास्त चढ आणि त्याला यकृतातल्या सुजेचं कारण नाही. हा आकडा २० च्या आत असला तरी थांबण्यासारखा नाही.

उलट दिशेची एक फसवणूक इथेच नोंदवून ठेवतो. केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन पद्धतीच्या काही किटांत त्या एएफपी खोटा कमी दाखवतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवायच्या आणि लॅबला सांगायचं. उपाशीपोटी येण्याची मात्र एएफपीसाठी गरज नाही.

सोनोग्राफीचं काय? तिसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात ‘नो फोकल लीजन’, म्हणजे गाठ दिसत नाही. पण दुसऱ्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती: चरबीमुळे यकृताचा वरचा उजवा भाग नीट दिसला नाही. ९१ किलो वजन, चरबीयुक्त यकृत आणि डायफ्रॅमखालचा घुमट. प्रोबचा आवाज तिथे पोहोचतच नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग एकटी सोनोग्राफी साधारण ४५ टक्के पकडते, एएफपीची जोड दिली तर ६३ टक्क्यांपर्यंत जाते. जोड देण्याचा मुद्दाच हा, की एकीला दिसलं नाही तर दुसरीने हाक द्यावी. एएफपीने हाक दिली होती. ‘सोनोग्राफी क्लिअर’ म्हणून ती बाजूला ठेवली तर दोन्ही करायच्या कशाला?

पिव्हकाचा घोळ

छत्तिसाव्या महिन्यानंतर खरं तर थेट सीटी व्हायला हवा होता. त्याऐवजी ‘आणखी एक मार्कर बघू’ असं ठरलं. मार्कर होता पिव्हका-टू, म्हणजेच डीसीपी.

प्रोथ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन यकृत बनवतं आणि त्याला शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. कर्करोगाच्या पेशींत हा शेवटचा टप्पा बिघडतो आणि अर्धवट प्रोथ्रॉम्बिन रक्तात येतं, तेच डीसीपी. जपानमध्ये रूढ असलेली मर्यादा ४० मिलिएयू/मिलि. हा एएफपीपेक्षा वेगळ्या वाटेने येणारा मार्कर आहे, त्यामुळे एएफपी न बनवणारी गाठही कधीकधी यात सापडते. यकृताच्या रक्तवाहिन्यांत शिरणाऱ्या गाठींत तो जास्त चढलेला असतो. पण व्हिटॅमिन के कमी पडलं की गाठ नसतानाही तो चढतो: वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांत, पित्ताची वाट अडून कावीळ झालेल्यांत, कुपोषितांत.

चिठ्ठी दिल्यानंतर चार दिवसांत रुग्णाच्या डाव्या पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) झाला. नऊ दिवस अ‍ॅडमिट, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम हे प्रतिजैविक, जेवण जेमतेम. डिस्चार्जनंतर दोन दिवसांनी पिव्हका गेला आणि आला ३१०. इकडे ‘गाठ नक्की’ म्हणून फोन सुरू झाले.

सेफोपेराझोनच्या रेणूला एक बाजूची साखळी असते जी व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम अडवते. वर आतड्यातले के बनवणारे जिवाणूही प्रतिजैविकाने मारले जातात. म्हणजे हा रुग्ण वॉर्फरिन न घेताच वॉर्फरिन घेतल्यासारखा झाला होता. खूण शेजारच्याच रिपोर्टात होती: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.२ वरून १.५ वर गेला होता. पिव्हका मागवताना त्याच वेळी आयएनआर मागवायचा, तो यासाठीच.

व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून हळूहळू, तीन दिवस रोज एक. भराभर देऊ नये, तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येऊ शकते. दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी: आयएनआर १.२, पिव्हका ९६.

३१० चं ९६ झालं म्हणजे ‘सगळं व्हिटॅमिनचं होतं’ असं नाही. नुसती कमतरताच असती तर ती भरून निघाल्यावर आकडा ४० च्या खाली जायला हवा होता. शिवाय गाठ असलेल्यांतही व्हिटॅमिन के दिल्यावर पिव्हका तात्पुरता थोडा उतरू शकतो. ९६ हे शिल्लक कर्ज आहे, ते कुणाचं याचा तपास लागायलाच हवा.

गॅलाडचा हिशेब

तिसऱ्या लॅबमध्ये एकाच नमुन्यावर, एकाच यंत्रावर तीन तपासण्या झाल्या: एएफपी १२.४ नॅनोग्रॅम/मिलि, एएफपी-एल३ ११.५ टक्के, डीसीपी १.९ नॅनोग्रॅम/मिलि.

एल३ म्हणजे एएफपीचाच एक प्रकार. त्याच्या साखरेच्या शेपटीत फ्यूकोज जास्त असतो आणि तो मसुरातल्या लेक्टिनला चिकटतो, म्हणून वेगळा मोजता येतो. होय, आमटीतला मसूर. नेहमीची मर्यादा १० टक्के.

हे तीन मार्कर, वय आणि लिंग मिळून गॅलाड स्कोअर होतो. सुरुवात उणे १०.०८ पासून. वयाला ०.०९ ने गुणायचं: ५६ चे ५.०४. पुरुषासाठी १.६७. एएफपीच्या लॉगला २.३४ ने गुणायचं: २.५६. एल३ टक्क्यांना ०.०४ ने: ०.४६. डीसीपीच्या लॉगला १.३३ ने: ०.३७. बेरीज ०.०२. मूळ मर्यादा उणे ०.६३. म्हणजे स्कोअर मर्यादेच्या वर.

सूत्रातला डीसीपी नॅनोग्रॅममध्ये आहे. आधीच्या लॅबचा ९६ मिलिएयू तसाच रकान्यात टाकला असता तर उत्तर ०.०२ ऐवजी २.२९ आलं असतं. ३१० टाकला असता तर २.९६. असे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतात.

आणखी एक गोष्ट हिशेब हाताने केल्याशिवाय दिसत नाही. हेच तिन्ही मार्कर ४० वर्षांच्या बाईचे असते तर स्कोअर उणे ३.०९ आला असता. म्हणजे गॅलाड रक्ताइतकाच वय आणि लिंगावर बोलतो. त्यात गैर काही नाही, पण ‘रक्ताच्या चाचणीने सांगितलं’ असं म्हणताना हे ठाऊक असावं. या स्कोअरचे पहिले निकाल कर्करोगाचे माहीत असलेले रुग्ण विरुद्ध इतर रुग्ण अशा तुलनेतून आले होते. निरोगी दिसणाऱ्या सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत पुढे जाऊन तपासलं की कामगिरी तेवढी चकचकीत राहत नाही.

आणि या सगळ्याने निर्णय बदलला का? नाही. ११.८ आणि न दिसलेला घुमट, एवढ्यावरच सीटी ठरायला हवा होता. पिव्हका, व्हिटॅमिन के आणि गॅलाड यांत पाच आठवडे गेले. गॅलाड उणे २ आला असता तरी सीटी करावाच लागला असता. जी तपासणी कोणत्याही उत्तराने पुढचं पाऊल बदलत नाही, ती त्या दिवशी मागवायची नसते.

सीटीच्या चिठ्ठीवर काय लिहावं

चिठ्ठीवर नुसतं ‘सीईसीटी ॲब्डोमेन’ लिहिलं तर बऱ्याच सेंटरवर फक्त पोर्टल फेजची, म्हणजे कॉन्ट्रास्ट आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या पोर्टल शिरेत पोचल्यावरची चित्रं घेतात. छोटी गाठ त्यात आजूबाजूच्या यकृताच्या रंगातच मिसळून जाते. लिहायचं असं: मल्टिफेज लिव्हर, उशिरा आर्टेरियल, पोर्टल व्हेनस आणि डिलेड, सिऱ्हॉसिस, वाढता एएफपी, घुमटाचा भाग बघा. आधी क्रिएटिनिन, मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही नोंदवायचं.

घुमटाखाली सेगमेंट ८ मध्ये १७ मिमीची एक गाठ निघाली. आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट धमनीतून येताना) उजळ, डिलेडमध्ये (काही मिनिटांनी) आजूबाजूपेक्षा काळसर. सिऱ्हॉसिसच्या यकृतात १० ते १९ मिमीच्या गाठीत ही दोन्ही लक्षणं असली की लाय-रॅड्स ५, म्हणजे बायोप्सीशिवाय निदान पक्कं. पोर्टल शीर मोकळी होती. बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.४, आयएनआर १.२, पोटात पाणी नाही, भान पूर्ण: यकृत किती काम करतं ते मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू गणनेत ए गट, ६ गुण.

गाठ दिसली नसती तर? मग यकृतात शोषल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्टचा एमआरआय आणि तीन महिन्यांनी पुन्हा एएफपी, त्याच लॅबमध्ये. सीटीत काही नाही म्हणून चढता एएफपी फाइलबंद करायचा नाही.

एकच गाठ, दोन सेंमीच्या आत, पण प्लेटलेट ९२ हजार आणि प्लीहा मोठी, म्हणजे पोर्टल दाब वाढलेला. शस्त्रक्रियेऐवजी मायक्रोवेव्ह ॲब्लेशन, म्हणजे सुई घालून उष्णतेने गाठ जाळणं, ठरलं. डायफ्रॅम भाजू नये म्हणून मध्ये द्रव भरून अंतर तयार केलं. एक महिन्यानंतरच्या सीटीत जागा पूर्ण काळी, उजळ कडा नाही.

एएफपीचं अर्धआयुष्य साधारण ५ ते ६ दिवस. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात तपासून घाबरायचं कारण नसतं; ॲब्लेशनच्या सुजेतही आकडे थोडे हलतात. सहाव्या आठवड्यात एएफपी ४.४, डीसीपी नॉर्मल. आता ४.४ ही नवी तळरेषा. अशा उपचारांनंतर पाच वर्षांत पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय, सोबत एएफपी आणि डीसीपी. फाइलच्या पहिल्या पानावर रकाने आखले गेले: तारीख, लॅब, एकक, एएफपी, एएलटी, आयएनआर, चालू प्रतिजैविकं.

घरच्यांची एचबीएसएजी तपासणी याच काळात झाली. बायको आणि दोन्ही मुलं निगेटिव्ह, अँटीबॉडी नाहीत. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस ठरले. धाकटा भाऊ, ४९ वर्षांचा, पॉझिटिव्ह निघाला. बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.१, प्लेटलेट २.१ लाख, २१० टाकून एमॅप ५३, मध्यम जोखीम. तसंही हिपॅटायटिस बी असलेला चाळिशीपुढचा आशियाई पुरुष सिऱ्हॉसिस नसला तरी सहामाही तपासणीत येतोच. त्याचा पहिला एएफपी २.८ नॅनोग्रॅम/मिलि आला. डीएनएचा रिपोर्ट यायचा आहे.